समुद्रावर सांगू

वाईट बातमी ऑफिसात द्यायची नाही, असा संजीवचा नियम आहे. माझा नवरा आयटी मॅनेजर आहे. कुणाची बढती हुकली किंवा कुणाची टीम मोडायची ठरली की तो त्या माणसांना आधी कुठेतरी बाहेर नेतो, चांगलंचुंगलं खायला घालतो आणि मग हळूच सांगतो. त्यांच्याकडे याला ऑफसाइट म्हणतात. लग्न झाल्यापासून मी या नियमाची थट्टा करत आले आहे. तरीही आमच्याच मुलाला एक बातमी द्यायची वेळ आली तेव्हा "आपण समुद्रावर सांगू" हे वाक्य माझ्या तोंडून निघालं.

बातमी अशी होती की नव्या घरात तन्मयला खोली नव्हती.

सिंगापूरमधल्या बेडोकच्या ज्या फ्लॅटमध्ये आमची मुलं वाढली तो भाड्याचा होता. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्याला घर परत हवं झालं. आम्हीही म्हटलं, आता पुरे झालं भाडं, आपलं स्वतःचं घेऊ. झेपेल असं मिळालं ते वुडलँड्सला, म्हणजे बेटाच्या पार उत्तर टोकाला, जिथून पुढे मलेशियात जाणारा जोहोरचा पूलच. थ्री-रूम फ्लॅट. पुण्याला सासूबाईंना फोनवर सांगितलं तर त्या खूश झाल्या, तीन बेडरूम म्हणून. इथे हॉलसुद्धा खोलीत मोजतात हे त्यांना समजावताना संजीवच्या नाकी नऊ आले. तर दोन बेडरूम. एक आमची, दुसरी जाईची. जाई बारा वर्षांची आहे आणि सध्या दारं लावून घ्यायच्या वयात आहे.

तन्मय अठराचा. तो बालवाडीत असताना आम्ही पीआर, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, घेतली, आणि पीआर घेतलेल्यांच्या मुलांना इथे दोन वर्षं सैन्यात काढावी लागतात. किल्ल्या मिळायच्या दुसऱ्याच दिवशी त्याला टेकाँग बेटावर ट्रेनिंगला हजर व्हायचं होतं. पुढे कुठला तरी कॅम्प, घरी फक्त शनिवार-रविवार, आणि नंतर युनिव्हर्सिटीचं होस्टेल. संजीव म्हणाला, "आठवड्यातून दोन दिवसांसाठी खोली अडवून काय करायचं?" मी त्यावर वरून जोड दिली, की डोंबिवलीत आम्ही दोन खोल्यांत सहा जण राहिलो, कुणाला होती स्वतःची खोली? चहाचा कप संपायच्या आत विषय संपला. हॉलमध्ये खिडकीखाली एक छानसा सोफा-कम-बेड टाकायचा, एरवी पाहुण्यांना होईल, शनिवार-रविवार तन्मयला. संजीवने तो लगेच निवडूनही टाकला. कडू गोळीबरोबर द्यायची साखर म्हणजे ती.

सांगायचं मात्र राहून जात होतं. त्यात एक अडचण निघाली. बेडोकची किल्ली शुक्रवारी परत द्यायची आणि वुडलँड्सची हातात पडणार सोमवारी. मधले दिवस सामान मूव्हर्सच्या गोडाऊनमध्ये राहणार होतं, पण आम्ही कुठे राहायचं? दुसरं कुणी असतं तर मित्राकडे गाद्या पसरल्या असत्या. मी चांगीच्या किनाऱ्यावरचं एक चॅले बुक केलं. चॅले म्हणजे आपल्याकडच्या सरकारी विश्रामगृहाचा चुलतभाऊ. दोन खोल्या, कुरकुरणारा पंखा, बाहेर कोळशाची शेगडी आणि समोर समुद्र. जाईला सांगितलं, आपण सुट्टीवर चाललोय. ती नाचायलाच लागली.

तन्मय म्हणाला, "आई, मी नाही आलो तर चालेल? सगळे फ्रेंड्स पण एनलिस्ट होतायत. वी वॉन्ट टू मीट."

"चालणार नाही," मी म्हटलं. "फॅमिली ट्रिप आहे."

"ओके लाह," तो इथल्या मुलांच्या ढंगात म्हणाला. तो कधीच फार ओढून धरत नाही. मला वाटायचं हा त्याचा गुण आहे.

घर बदलणं आणि सहल ठरवणं ही दोन कामं एकाच बाईने एकाच आठवड्यात करू नयेत. टॉवेल कुठले ठेवायचे आणि कुठले बांधायचे, यावर जाईशी भांडण. तिचा पोहायचा पोशाख नेमका बंद केलेल्या खोक्यात, आणि खोकं कुठलं ते कुणालाच आठवेना. संजीव रोज संध्याकाळी हवामान बघायचा आणि शेगडीवर काय काय भाजायचं याचे बेत करायचा, आणि मी आपली भांडी कागदात गुंडाळत बसलेली. मसाल्याचा डबा आणि देव एवढं मी मूव्हर्सच्या हाती देणार नव्हते. देव स्टीलच्या डब्यात, मऊ कापडात गुंडाळून माझ्याबरोबर समुद्रावर येणार होते. त्या सगळ्या धांदलीत तन्मयचा एक शब्द नाही. त्याचं आवरून झालंय एवढंच तो सांगायचा, आणि मी म्हणायचे, शिका जरा त्याच्याकडून.

शुक्रवारी सकाळी मूव्हर्स आले. त्यांचा मुकादम एक पिकल्या केसांचा चिनी गृहस्थ होता. त्याच्याकडे रंगीत स्टिकरांची गुंडाळी होती. लाल म्हणजे आमची बेडरूम, पिवळा जाईची, हिरवा स्वयंपाकघर, निळा हॉल. खोक्यावर रंग चिकटवला की नव्या घरात कुणाला काही विचारावं लागत नाही. मी स्वयंपाकघरात ओटा पुसत होते तेव्हा त्याचा आवाज ऐकू आला.

"बॉय, धिस वन व्हॉट कलर?"

"नो कलर, अंकल," तन्मय म्हणाला. "एनीवेअर कॅन."

मी फडकं हातात घेऊन बाहेर आले. तन्मयच्या खोलीच्या दारात एक खोकं होतं. एकच. जाईची आठ झाली होती, तरी ती अजून रडत होती की काहीतरी राहिलंय.

"बाकीचं कुठाय?" मी विचारलं.

"हेच. इतर सगळं दिलं."

त्याचा पलंग त्याने महिन्यापूर्वीच खालच्या मजल्यावरच्या फातिमाआंटींच्या नातवाला दिला होता, ते मला माहीत होतं. तेव्हापासून तो जमिनीवर गादी टाकून झोपत होता. मला उलट सुटल्यासारखं झालं होतं, एक मोठी वस्तू कमी झाली म्हणून. पण आता पाहिलं तर गिटार नव्हती, बॅडमिंटनची रॅकेट नव्हती, शाळेतली मेडल्स नव्हती. संजीव मागून आला आणि त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "वा! याला म्हणतात मिनिमलिस्ट!" मला संजीवचा भयंकर राग आला. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

चॅलेत पोचल्यावर मी देवांचा डबा फ्रिजवर ठेवला, कारण तेवढीच एक उंच आणि स्वच्छ जागा होती. समुद्र शांत होता. सिंगापूरचा समुद्र तसा आज्ञाधारकच आहे, लाटा येतात त्याही परवानगी घेतल्यासारख्या. पलीकडे हिरवी बेटं दिसत होती आणि डोक्यावरून सारखी विमानं उतरत होती. जाई गुडघाभर पाण्यात उभी राहून प्रत्येक विमानाला हात करत होती.

शनिवारी उन्हं उतरल्यावर संजीवने शेगडी पेटवली. कोळसे काही धरेनात. तो त्यांच्यावर पुठ्ठ्याने वारा घालत होता आणि मधून मधून माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली. चिकनचे तुकडे, पनीर, मक्याची कणसं, सगळं मसाला लावून तयार होतं. तन्मय चिमटा घेऊन कणसं फिरवायला उभा राहिला.

"तन्मय," संजीवने घसा साफ केला, "वुडलँड्सच्या घराबद्दल एक पॉइंट डिस्कस करायचा होता."

"माझी रूम नाही, तेच ना?" तन्मय कणीस उलटत म्हणाला. "आय नो, बाबा."

संजीवचा पुठ्ठा थांबला. "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. आपण फ्लॅट बघायला गेलो होतो ना. आईने देव्हारा कुठे ते ठरवलं, ईस्ट फेसिंग. मग तुम्ही वॉटर फिल्टर कुठे लागेल ते मोजलं. जाईचं टेबल पण ठरलं. आय वॉज स्टँडिंग देअर, व्हॉट." तो हे सगळं तक्रार न करता सांगत होता, बसचा मार्ग सांगावा तसं. "मग मला कळलं."

मला तो दिवस लख्ख आठवला. पूर्व कुठे आहे हे बघायला आम्ही त्याच्याच फोनवरचं होकायंत्र वापरलं होतं. तो हॉलच्या मधोमध उभा राहून फोन फिरवत होता आणि मी म्हणत होते, थोडा डावीकडे हो रे.

"तरी आम्ही काय केलंय," संजीव घाईने म्हणाला, "मस्त सोफा-कम-बेड घेतलाय. एकदम कम्फर्टेबल."

"नाइस, बाबा."

"मग आजी दिवाळीत आली की ती कुठे झोपणार?" जाईने विचारलं. सोफा आजीसाठी घेतलाय असं तिला वाटत होतं.

"आजी आली की मी वीकेंडला कॅम्पमध्येच राहीन," तन्मय म्हणाला. "कॅन वन. खूप जण राहतात." मग त्याने चिमट्याने समोरच्या बेटांमधलं लांबचं, सपाट एक दाखवलं. "ते टेकाँग. माझी रूम तिकडे आहे." आणि तो हसला. आम्हाला बरं वाटावं म्हणून हसला, हे मला स्पष्ट दिसलं.

ऑफसाइट यशस्वी झाली होती. कुणी रडलं नाही, कुणी आवाज चढवला नाही. चिकनही छान झालं होतं म्हणे. मी हात धुवायच्या निमित्ताने उठले आणि पाण्याच्या कडेने चालत राहिले.

ज्याला आपण घरातून काढतोय असं आम्हाला वाटतही नव्हतं, तो मुलगा महिनाभर स्वतःला एकेका वस्तूने घरातून काढत होता, आणि मी म्हणत होते, शिका त्याच्याकडून. मला स्वतःची लाज वाटली. आणि सगळ्यात जास्त लाज त्या डोंबिवलीच्या वाक्याची.

कारण ते वाक्य मी अर्धंच सांगत आले होते. डोंबिवलीच्या घरात स्वतःची खोली कुणालाच नव्हती, हे खरं. पण जागा प्रत्येकाची होती. बाबा दाराशी झोपायचे, मी आणि ताई कपाटाच्या पायथ्याशी. विश्वासदादाची जागा खिडकीखाली. त्याला चिपळूणला नोकरी लागली तेव्हा तो महिन्यातून एकदा यायचा. उरलेले सगळे दिवस ती खिडकीखालची फरशी मोकळी असायची, आणि आम्ही बाकीचे एकमेकांच्या कोपरांचे धक्के खात झोपायचो. एकदा मामा मुक्कामाला आले आणि तिथे पथारी टाकायला लागले. आईने त्यांना उठवलं. "तिथे विश्वास झोपतो," ती म्हणाली. विश्वासदादा तेव्हा चिपळुणात होता. मामा मुकाट्याने स्वयंपाकघरात गेले. त्या वेळी मला आईचं हे वागणं चमत्कारिक वाटलं होतं.

रविवारी सकाळी मुलं झोपलेली असताना मी संजीवला हे सगळं सांगितलं. त्याने शेगडीतली कालची राख काडीने उकरली. मग म्हणाला, "मला वाटलं तो समजूतदारपणे घेईल. आणि त्याने घेतलं."

"तेच वाईट आहे," मी म्हटलं. "अरे, पाहुणे समजूतदार असतात. घरातली माणसं भांडतात."

"मग करायचं काय? भिंती तर हलणार नाहीत."

"भिंती नको हलवायला. खिडकीखाली सोफा टाकायचा नाही."

"विनीता, पैसे भरून झालेत. गुरुवारी डिलिव्हरी आहे."

"येऊ दे. आपल्या खोलीत ठेवू."

"आपल्या खोलीत पलंगच जेमतेम मावतोय."

"मग तू बारीक हो," मी म्हटलं. तो हसला, आणि ते ठरलं.

सोमवारी किल्ली मिळाली. घरात आधी देव गेले, मग मसाल्याचा डबा, मग आम्ही. शेगडीवर दूध उतू घातलं. जाईने त्या जळक्या वासाबद्दल इंग्रजीत नापसंती व्यक्त केली. मग लॉरी आली आणि रंगांप्रमाणे खोकी आपापल्या खोल्यांत जायला लागली. शेवटी ते बिनरंगाचं खोकं घेऊन मुकादम दारात थांबला आणि त्याने माझ्याकडे पाहिलं.

"एनीवेअर कॅन," तन्मय म्हणाला.

"एनीवेअर नाही," मी म्हटलं आणि खिडकीखालच्या कोपऱ्याकडे बोट केलं. "दॅट कॉर्नर. ओन्ली दॅट कॉर्नर."

मी तिथे त्याच्यासाठी गादी टाकली. संजीवने भिंतीला फळी ठोकली, थोडी तिरकी. तिथल्या प्लगचं बटण चालतंय ना ते पाहून दिवा लावला. तन्मय हे सगळं बघत होता. "आई, रिअली, इट्स ओके," तो म्हणाला. आईला भरून आलंय, तिला करू दे, असा त्याचा चेहरा होता. मला चांगलंच कळत होतं की हा अजून पाहुणाच आहे. एका फळीने महिन्याभराचं भरून निघत नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला बोटीने टेकाँगला पोचवलं. आईवडिलांना तिथे आतपर्यंत नेतात, सगळं दाखवतात, जेवूही घालतात. तन्मयने आम्हाला त्याची बराक दाखवली. ओळीने लोखंडी पलंग, शेजारी कपाटं. "हा माझा बेड," तो म्हणाला, आणि हे म्हणताना त्याच्या आवाजात जो आनंद होता तो मी गेल्या महिनाभरात ऐकला नव्हता. परतीच्या बोटीत मी गॉगल काढला नाही.

पहिले दोन आठवडे त्यांना घरी सोडत नाहीत. गुरुवारी सोफा-कम-बेड आला. तो आणणाऱ्या दोघांनी हॉल बघितला आणि न विचारताच खिडकीकडे वळले, कारण कुणाही शहाण्या माणसाला ती जागा सोफ्याचीच वाटली असती. मी आडवी उभी राहिले. सोफा आमच्या बेडरूममध्ये गेला. आता आमचं दार अर्धंच उघडतं आणि संजीव आत जाताना पोट आत घेतो. सासूबाई आल्या की जाईच्या खोलीत झोपतील, हेही मी फोनवर सांगून टाकलं.

जाईला खिडकीचा कोपरा फार आवडला होता. तिथे वारा येतो आणि खालचं मैदान दिसतं. शाळेतून आली की ती तिथे पाय पसरायची, फोन चार्जिंगला लावायची. मी तिला दोनदा उठवलं. तिसऱ्यांदा ती चिडली. "ही इज नॉट इव्हन हिअर!"

"तिथे तन्मय झोपतो," मी म्हटलं. तिला माझं वागणं चमत्कारिक वाटलं असणार. वाटू दे.

तो यायच्या शनिवारी मी सकाळपासून स्वयंपाकाला लागले होते. अळूवडी, मसालेभात, त्याला आवडतं ते सगळं. बटाट्याची भाजी परतत होते तेव्हा बेल वाजली. संजीव उठायला लागला. मी पळीनेच त्याला खाली बसवलं.

तन्मयकडे किल्ली होती. सोमवारी मीच त्याच्या हातात दिली होती. आणि तरी त्याने बेल वाजवली होती.

"कोण आहे?" मी आतूनच विचारलं.

"आई, मी. उघड ना."

माझा जीव दाराबाहेर गेला होता. पाय मात्र मी हलू दिले नाहीत. "किल्ली कुठाय तुझी?"

बाहेर बूट घासल्याचा आवाज आला. मग, "बॅगेत आहे. एकदम खाली."

"मग काढ."

"आई, आय अ‍ॅम सो टायर्ड. ओपन लाह."

"तुझं घर आहे," मी म्हटलं. "तू उघड."

संजीव माझ्याकडे असा बघत होता की हिला काय झालंय. बाहेर बॅग जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. मग चेन, मग वस्तू उपसल्याचा आवाज, मग एक इंग्रजी शब्द, जो तो नक्कीच टेकाँगला शिकला असणार. किल्ली कुलपात शिरली, उलटी फिरली, परत निघाली, परत शिरली. गॅसवर माझी भाजी करपत होती. दार उघडलं.

डोक्याचा तुळतुळीत गोटा, उन्हाने काळवंडलेला चेहरा, आणि भयंकर वैतागलेला माझा मुलगा आत आला. त्याने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बॅग फरफटत तो सरळ खिडकीकडे गेला, गादीवर धपकन बसला, खिशातून फोन काढला आणि भिंतीकडे हात नेला. मग त्याचा हात थांबला.

"जाई!" तो ओरडला. "माझ्या प्लगमध्ये तुझा चार्जर का आहे?"

आतून जाईही तितक्याच जोरात ओरडली, की तू नव्हतासच ना इथे. त्यांचं जुंपलं. संजीव मध्ये पडायला निघाला, मी त्याला पडू दिलं नाही. मग गॅस बंद केला आणि करपलेली भाजी दुसऱ्या भांड्यात काढायला घेतली.